एल्विनवरचा तो फॉरवर्ड

‘व्हेरिअर एल्विन नावाचा इंग्रज पाद्री नेहरूंचा सल्लागार होता. त्याच्या सांगण्यावरून नागालँडमध्ये साधूंना बंदी झाली, मिशनऱ्यांना मोकळं रान मिळालं आणि राज्य ख्रिस्ती झालं. आदिवासींना त्याला प्राणिसंग्रहालयात ठेवायचं होतं. आदिवासी हिंदू नाहीत, हेही त्याचंच पिल्लू.’

हा मजकूर मला तिसऱ्यांदा आला. या वेळी पाठवणारे निवृत्त शिक्षक आहेत, म्हणून हा खटाटोप.

पाद्री तो होता, हे खरं. वडील बिशप, शिक्षण ऑक्सफर्डला, आणि १९२७ मध्ये आला तो थेट आपल्या पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात. फॉरवर्डकर्त्याचं वाचन इथेच थांबलेलं दिसतं. कारण पुढे लगेच गांधी येतात. साबरमतीला जाऊन आल्यावर एल्विन काँग्रेसच्या बाजूने लिहू-बोलू लागला. १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्राला घेऊन तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला, गोंडांमध्ये राहायला गेला. शाळा काढली, औषधपाणी केलं, पण धर्मप्रचाराला साफ नकार दिला. त्यावरून नागपूरच्या बिशपांशी बिनसलं आणि १९३५ मध्ये त्याने चर्चच सोडलं. १९४४ मध्ये तर मंडल्यातल्या कॅथलिक मिशनऱ्यांविरुद्ध त्याने जाहीर मोहीम उघडली. असला ‘पाद्री’ चर्चला परवडला नसता, आणि परवडलाही नाही.

नागालँडचं तर सालच जुळत नाही. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी नागा टेकड्यांत पोचले १८७२ मध्ये. एल्विनचा जन्म १९०२ चा. १९५१ च्या जनगणनेत तिथली जवळपास निम्मी वस्ती ख्रिस्ती झालेली होती. सल्लागार म्हणून एल्विनची नेमणूक १९५४ ची, आणि तीही नेफासाठी, म्हणजे मुख्यतः आजच्या अरुणाचलसाठी. नागा टेकड्यांचा जिल्हा तेव्हा आसामात होता. आज नागालँडमध्ये असलेला तुएनसांगचा भाग मात्र १९५७ पर्यंत नेफात होता, तेवढं मान्य.

साधूंवरच्या बंदीचं म्हणाल, तर परवान्याशिवाय आत जाता येऊ नये म्हणून आखलेली ‘इनर लाइन’ ब्रिटिशांची, १८७३ ची. ती भगव्या कपड्यांकडे बघून आखलेली नव्हती. नेफात मिशनऱ्यांनाही दार बंदच होतं. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो: १९७१ मध्ये अरुणाचलात ख्रिस्ती एक टक्काही नव्हते, २०११ मध्ये ते ३० टक्के झाले. एल्विन वारला १९६४ मध्ये.

आता प्राणिसंग्रहालय. या आरोपात थोडं तथ्य आहे, कारण ‘नॅशनल पार्क’ हा शब्द त्याचाच, १९३९ च्या, बैगा या मध्य भारतातल्या आदिवासी जमातीवरच्या पुस्तकातला. बैगा बेवर करत: जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत बी फेकायचं. नांगर धरला तर धरणीमातेची छाती फाटते, ही त्यांची श्रद्धा. जंगल खात्याने बेवर बंद करत करत त्यांना एका छोट्या पट्ट्यात कोंडलं. एल्विन मागत होता तो असा मुलूख, जिथे बेवर मोकळी असेल आणि बाहेरून येऊन कोणी त्यांचं जगणं मोडणार नाही. मिशनऱ्यांनीसुद्धा! शब्द मात्र त्याने फारच वाईट निवडला. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये त्याला धारेवर धरलं. आदिवासी म्हणजे ‘मागासलेले हिंदू’, हे घुर्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण आदिवासी आणि शेजारपाजारचे शेतकरी शतकानुशतकं एकमेकांत मिसळत आलेत, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. एल्विननेही पुढे पार्कचा हट्ट सोडला.

आणि ते शेवटचं पिल्लू. मध्य भारतातल्या आदिवासींचा धर्म हिंदू कुटुंबातला, शैव वळणाचा मानावा, असं एल्विनने स्वतः लिहिलं आहे. ओडिशातल्या सावरा या आदिवासी जमातीवर त्याचं १९५५ चं जाडजूड पुस्तक आहे. त्यात देव अंगात येणाऱ्या बायकांचं पाताळातल्या एका आत्म्याशी लग्न लागतं. हा पाताळातला नवरा सावरा नसतो, हिंदू असतो. आदिवासींना हिंदूंपासून तोडायला निघालेल्या माणसाने ही नोंद पहिल्यांदा गाळली असती.

एल्विनवर बोट ठेवायला जागा नाही असं नाही. १९४० मध्ये त्याने कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. ती त्याच्याच शाळेतली, वयाने त्याच्या निम्म्याहूनही लहान. १९४९ मध्ये त्याने कलकत्त्याच्या हायकोर्टातून तिच्या गैरहजेरीत घटस्फोट घेतला. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या त्याच्या आत्मचरित्रात तिच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या आहेत.