चार दिवस थांबायचं कुठे?

नागपूरच्या काकांचा फोनवर हल्ली एकच प्रश्न असतो : ‘तुमच्याकडे तो अँटिबॉडीचा स्कॅन निघालाय म्हणे, आपल्याकडे कधी येणार?’ काकूंचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पोचलाय, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. मी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला राहते. या स्कॅनवरचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम इथल्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातलं. 2010 साली ते प्रसिद्ध झालं.

ट्रास्टुझुमॅब हे औषध म्हणजे एक अँटिबॉडीच. कॅन्सरच्या काही पेशींवर हर-टू प्रथिन भरमसाट असतं, त्याला ती जाऊन चिकटते. तिला किरणोत्सारी झिर्कोनियम-89 जोडून शिरेतून द्यायचं, आणि ती कुठे जमली ते पेट स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरातला किरणोत्सार टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, पाहायचं. बायोप्सीची सुई एकाच गाठीचं सांगते. यकृतातली गाठ हर-टू पॉझिटिव्ह आणि मणक्यातली निगेटिव्ह असू शकते. म्हणून सगळ्या अंगाचा हिशेब एकदम मिळणं फार मोलाचं आहे.

पण अँटिबॉडीचा रेणू मोठा. ती गाठीत साठून रक्तातून कमी व्हायला दिवस लागतात, म्हणून स्कॅन चौथ्या-पाचव्या दिवशी. झिर्कोनियमचं अर्धआयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे 78 तास, ते निवडलं यासाठीच. इथली बाई इंजेक्शन घेऊन ट्रेनने घरी जाते, चार दिवसांनी परत येते. यवतमाळहून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या बाईने कुठे जायचं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फूटपाथ.

म्हणून इकडचं जसंच्या तसं उचलून नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दुसरी वाट आहे. उंटांच्या रक्तात साध्या बांधणीच्या अँटिबॉडी असतात, हे ब्रसेल्सच्या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवलं. त्यांचा बारका तुकडा म्हणजे नॅनोबॉडी. ती दीडेक तासात गाठीत जमते, उरलेली मूत्रपिंडावाटे निघून जाते. तिला 68 मिनिटं अर्धआयुष्याचं गॅलियम-68 पुरतं. ते जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून मिळतं, सायक्लोट्रॉनसारखं अवाढव्य यंत्र लागत नाही, आणि प्रोस्टेटच्या स्कॅनसाठी आपल्याकडे ते वापरातही आहे. सकाळी इंजेक्शन, दुपारी स्कॅन, संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस. मुंबईत ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीत कॅन्सरच्या उपचारासाठी ल्युटेशियम-177 हे किरणोत्सारी द्रव्य तयार होतं. म्हणजे असली कामं जाणणारी माणसं घरचीच आहेत. पैसा या नॅनोबॉडीच्या स्कॅनवर लावा.

काकूंना मात्र थांबून चालणार नाही. हर-टूचे हे स्कॅन अजून मुख्यतः संशोधनापुरतेच आहेत, इथेसुद्धा. सुई पोचेल त्या नव्या गाठीची बायोप्सी करून हर-टू पुन्हा तपासा, असं काकांना सांगितलंय. ‘सुई लावली की पसरतो’ या गैरसमजापायी ते अडून बसलेत. सोमवारी मी त्यांच्या डॉक्टरांनाच फोनवर घेणार आहे.