बांधावरची जांभळी फुलं म्हणजे बनफशा नव्हे

पावसाळा लागला की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "आपल्या बांधावरची बारीक जांभळी फुलं म्हणजेच महागडा बनफशा. पान बदामाच्या आकाराचं आणि फुलाला मागं शेपूट असलं की शंभर टक्के तोच. वाळवा, काढा करून प्या, खोकला पळतो." गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या काकूंनी हे वाचून पिशवीभर फुलं तोडून आणली. त्यात केना निघाला, उन्हाळी निघाली, आणि नाल्याकाठची बेशरमही निघाली. म्हणून हे लिहायला बसलो.

बनफशा म्हणजे गोड वासाचं व्हायोलेट. ते मूळचं युरोप आणि पश्चिम आशियातलं, आपल्या देशात काश्मीरसारख्या थंड मुलखातलं. त्याला गारवा, ओल आणि सावली लागते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या बीड-परभणीच्या रानात ते आपसूक उगवत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं ते बाहेरून आलेलं असतं.

बदामी पानाची खूण तर धोक्याची आहे. बेशरमचं पानही बदामी आणि फूलही फिकट जांभळं. शेळ्यांनी ती बरेच दिवस खाल्ली तर त्यांचं अंग थरथरतं, तोल जातो. तिचा काढा माणसाला द्यायचा? व्हायोलेट जमिनीलगत वाढतं आणि त्याची पानं बुडातूनच लांब देठावर निघतात. बेशरम पुरुषभर उंच होते.

शेपटीचं म्हणाल तर ती तेरड्यालाही असते.

केन्याला शेपूट नाही आणि पाकळ्या तीनच: दोन मोठ्या निळ्या, एक बारकी. व्हायोलेटला पाच असतात. एक साम्य मात्र खरं आहे. दोघांनाही न उमलताच बी धरणारी मिटलेली फुलं येतात. केन्याची तशी फुलं मातीखाली असतात. सोयाबीनमध्ये दोनदा खुरपूनही केना का हटत नाही, त्याचं हे एक कारण.

आणि व्हायोलेटचं गणगोत आपल्याकडे नाहीच असंही नाही! मुरमाड माळावर, गवतात, वीतभर उंचीचं रतनपुरुष शोधा. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं 1753 साली त्याला व्हायोलेटच्याच गटात घातलं होतं. पुढं त्याची प्रजात बदलली, कुळ मात्र तेच राहिलं. पान अरुंद, भाल्यासारखं, बदामी अजिबात नाही. फुलात एकच पाकळी डोळ्यात भरते, गुलाबी-जांभळी, पळीसारखी पसरट. उरलेल्या चार इतक्या बारक्या की वाकून पाहावं लागतं. बोंड पिकलं की त्याचे तीन भाग उकलतात आणि प्रत्येकात बिया ओळीनं बसलेल्या दिसतात. व्हायोलेटचं बोंडही असंच तिघांत उकलतं. नात्याची खूण पाहायचीच असेल तर ती रंगात नाही, तिथं आहे. पण ते पाहायला रोप उपटू नका. बी माळावरच सांडू द्या.

राहिला खोकला. तो दोन आठवड्यांवर रेंगाळला तर कोणत्याही फुलाच्या मागं न लागता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची ती तपासणी तिथं मोफत होते.