‘एम्बेडेड टॉमकॅट प्रॉडक्शनला चालत नाही’? मुद्दे तपासू

‘स्प्रिंग बूटचं जार डेव्हलपमेंटपुरतं ठीक, प्रॉडक्शनला वेगळा टॉमकॅट लावा आणि त्यात वॉर टाका’ हा सल्ला अजूनही फिरतो. स्प्रिंग बूट हे जावात वेब अॅप लिहायचं फ्रेमवर्क; त्याच्या जारमध्ये, म्हणजे थेट चालवता येणाऱ्या फाइलमध्ये, टॉमकॅट हा वेब सर्व्हर आतच बांधलेला (एम्बेडेड) असतो. वॉर फाइलमध्ये अॅप असतं, ती बाहेरच्या टॉमकॅटमध्ये टाकतात. सल्ल्यासोबत ही चार कारणं असतात.

‘लोड झेपत नाही.’ साफ चूक. जारमध्ये असतो तो तोच कॅटालिना (टॉमकॅटचा गाभा) आणि तोच एनआयओ कनेक्टर (नेटवर्क कनेक्शन हाताळणारा भाग). डीफॉल्टही तेच: 200 थ्रेड, 8192 कनेक्शन, त्यापुढे रांगेत 100. अॅप लोडखाली अडकलं तर आधी हिकारीचा पूल (डेटाबेसच्या तयार कनेक्शनचा साठा) बघा. तो मुळात 10 कनेक्शनचा असतो. बाकीचे थ्रेड त्याच्या दारात 30 सेकंद ताटकळतात आणि मग एक्सेप्शन येतं. सर्व्हर बदलून यात काय फरक पडणार?

‘सर्व्हर.एक्सएमएल नाही, मग सेटिंग कुठे करायचं?’ अॅप्लिकेशन प्रॉपर्टीज या फाइलमध्ये; सर्व्हर.एक्सएमएल ही वेगळ्या टॉमकॅटची सेटिंग फाइल. तिथे नसेल ते कस्टमायझर (सेटिंग बदलणारा छोटा जावा कोड) लिहून. अॅक्सेस लॉग (आलेल्या रिक्वेस्टची नोंद) मात्र डीफॉल्टने बंद असतो, तो आठवणीने चालू करा.

‘रिस्टार्ट केलं की चालू रिक्वेस्ट तुटतात.’ तुटतात खऱ्या, पण दोष बहुधा डॉकरफाइलचा (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलचा) असतो. ग्रेसफुल शटडाउन (चालू रिक्वेस्ट पुऱ्या करून बंद होणं) स्प्रिंग बूट 2.3 पासून आहे आणि 3.4 पासून आपोआप चालू असतं. एंट्रीपॉइंट (कंटेनर सुरू होताना चालणारी कमांड) साध्या ओळीत लिहिला की अनेकदा पीआयडी 1 वर, म्हणजे कंटेनरच्या पहिल्या प्रोसेसच्या जागी, शेल बसतं, आणि सिगटर्म (‘बंद हो’ हा संकेत) जावापर्यंत पोचतच नाही. 10 सेकंदांनी डॉकर सिगकिल (तिथल्या तिथे मारणारा संकेत) पाठवतो; खेळ खलास. म्हणून एंट्रीपॉइंट चौकोनी कंसातल्या यादीत लिहा, स्क्रिप्ट असेल तर शेवटच्या ओळीत जावाआधी ‘एक्झेक’ लावा, म्हणजे शेलच्या जागी जावाच येतं. एवढ्यावर भागत नाही: स्प्रिंग डीफॉल्टने 30 सेकंद थांबायला तयार असतं, डॉकर 10 च देतो. डॉकर स्टॉपला ‘-टी 40’ द्या, नाहीतर स्प्रिंगची मुदत कमी करा.

‘सिक्युरिटी पॅच अवघड.’ हे अर्धं खरं. सामायिक टॉमकॅट एकदा बदलला की त्यावरची सगळी अॅप्स सुधारतात. इथे प्रत्येक जार नव्याने बिल्ड करून डिप्लॉय करावं लागतं. स्प्रिंग बूटचा पॅरेंट पॉम (लायब्ररींच्या आवृत्त्या ठरवणारी मूळ मेवन फाइल) वापरत असाल तर टॉमकॅटची आवृत्ती एका प्रॉपर्टीत बदलते. पण अशी वीस अॅप्स असतील आणि बिल्ड हाताने होत असेल, तर ही तक्रार रास्त आहे. उलट बाजूने, सामायिक टॉमकॅटमध्ये एका अॅपने हीप (जावाची मेमरी) संपवला की शेजारची अॅप्सही आडवी होतात.

खरी खोच या यादीत नाहीच. एम्बेडेड टॉमकॅटचं कामाचं फोल्डर ‘टेंप’ या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये बनतं, आणि अनेक लिनक्सवर सिस्टिमडी (सिस्टिमच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) तिथल्या 10 दिवस न वापरलेल्या गोष्टी झाडून टाकतो. जुन्या स्प्रिंग बूटवर मग अचानक फाइल अपलोड बंद पडतं. रिस्टार्ट केल्यावर काही दिवस पुन्हा सुरळीत. ‘सर्व्हर.टॉमकॅट.बेसडिर’ला कायमचं फोल्डर द्या आणि अॅपच्या युजरला तिथे लिहायची परवानगी आहे ना, तेवढं बघा.