अर्धी गोळी

सकाळी पावणेनऊला डबे भरत होते आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची मिष्टी. पांढरीशुभ्र पर्शियन, आणि पुढचा डावा पंजा सुजून बटाटेवड्याएवढा. गॅलरीत गांधीलमाशीवर पंजा मारायला गेली आणि माशीनं हिसका दाखवला. खाली दहा मिनिटांत जे सल्ले आले ते जसेच्या तसे सांगते. चुना लावा. कांदा चोळा. डेटॉलनं पुसा. लोखंड घासा. आणि मग बी विंगमधले एक काका, ज्यांच्या घरी आजतागायत साधा मासाही पाळलेला नाही, ते म्हणाले, अर्धी पॅरासिटामॉल दुधातून द्या, सूज उतरेल. त्याला सात अंगठे. सात!

मी भाजीचा डाव तसाच ठेवून टाइप केलं की कृपा करून देऊ नका, मांजर मरेल. तर उत्तर काय, "ताई उगाच पॅनिक करू नका, मांजर आहे ते, काही होत नाही." पुढे हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्यामुळे दिवसभर डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितेय. ग्रुपवर लिहिलं की सेक्रेटरी "विषयाला धरून बोला" म्हणतात.

आमचा कारभारी तुम्हाला सगळ्यांना माहितीये. साडेचार किलोचा बोका, रोज सकाळी अख्ख्या सोसायटीचा राउंड मारून मगच नाश्ता करणार. यंदाच्या संक्रांतीला संध्याकाळी तीन पायांवर घरी आला. उजव्या पंजाला नायलॉनचा मांजा, दोन बोटांच्या मधून गुंडाळला गेलेला, आणि पंजाखालची मऊ गादी चिरलेली. पायरीपासून सोफ्यापर्यंत लाल ठिपके. आमचं नाशिक, त्या दिवशी गच्चीगच्चीवर डीजे, "गई बोला रे", आणि हा खाटेखाली जाऊन बसलेला. मांजा ओढून काढायला गेले तर आणखी आत रुतला. वरून मी डेटॉल ओतलं. हो, मीच. त्यानं ते चाटलं आणि तोंडातून लाळेची धार. डॉक्टर मॅडमना फोन, उचलत नाहीत. सणाचा दिवस, त्यांना पण घर आहे. रात्री दहापर्यंत त्याचं ते बारीक कण्हणं ऐकवेना म्हणून मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चमच्यानं चुरून वाटीत मलईत कालवली. कारभारी मलईला नाही म्हणत नाही. वाटी त्याच्या नाकापाशी नेली आणि फोन वाजला.

पहिलंच वाक्य, "काही दिलंत का त्याला?"
म्हटलं, अजून नाही, देतेच आहे.
पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. मग, "ताई, ती वाटी सिंकमध्ये ओता. आत्ता. मी लाइनवर आहे."

मी आजही मलई काढताना ते "मी लाइनवर आहे" ऐकते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा हातपाय गार पडले. आपलं लिव्हर ही गोळी ज्या वाटेनं निकालात काढतं ती वाट मांजराच्या शरीरात जवळजवळ नाहीच. मग ते सगळं रक्तावर जातं, रक्त चॉकलेटी पडतं, ऑक्सिजन वाहून नेईना होतं, हिरड्या निळसर तपकिरी. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी धडधाकट मांजर मारायला पुरते, अर्धीसुद्धा पुरू शकते. आणि कहर म्हणजे या विषबाधेत सुजतं काय, तर तोंड आणि पंजे. म्हणजे पंजाची सूज उतरावी म्हणून तुम्ही गोळी देणार, पंजा अजून सुजणार, आणि तुम्ही म्हणणार गोळी कमी पडली वाटतं, उरलेली अर्धी पण देऊ. सात अंगठेवाल्यांनो, कळतंय का? आणि सर्दीच्या गोळ्यांमध्ये पण बहुतेक वेळा हेच असतं, त्यामुळे "ॲलर्जीचं आहे ना, मग सर्दीची देऊ" हा शहाणपणा पण नको.

आणि ते चुना-कांदा. मांजराच्या अंगावर लावलेली प्रत्येक गोष्ट तासाभरात त्याच्या पोटात जाते, एवढं साधं गणित आहे. ते चाटतं. दुसरं काम काय त्याला. चुना जिभेला भाजणार, कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, डेटॉलचं मी स्वतः बघितलंय. आपल्या हातावर जे औषध ते त्याच्यासाठी जेवण आहे.

मान्य, आमच्या आजोळी गोठ्यातल्या मांजरांना राख फासायचे आणि ती बरी व्हायची. पण मला आता आठवतं, दर वर्षी एखादं दिसेनासं व्हायचं आणि आजी म्हणायची, "गेली असेल कुठेतरी." कुठे गेली असेल ते आम्ही कधी विचारलं नाही. मांजर दुखणं दाखवत नाही, कोपरा शोधतं, कधी कधी तर दुखत असताना घुरघुरतं, आणि आपण म्हणतो बघा किती मजेत आहे.

खर्चाचं म्हणाल तर हो, खर्च आहे. मांजा काढायला भूल द्यावी लागली, टाके, अँटिबायोटिक, ड्रेसिंग, सगळं मिळून साडेतीन हजाराच्या पुढे गेलं आणि तोवर महिनाअखेर आली होती. प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि रात्री दहाला डॉक्टर सापडणं तर लॉटरीच. पण फोन करून विचारायला काय लागतं? गोळी न देणं तर फुकट आहे!

पुढचे बारा दिवस काय होते ते पण ऐका. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हे सगळ्यांना पाठ आहे, जखम चाटू नये म्हणून नरसाळं बांधून बघा एकदा. ते प्लॅस्टिकचं नरसाळं घालून साहेब दाराच्या चौकटीवर आपटायचे, मग जागच्या जागी उभे राहून भिंतीकडे अपमानित चेहऱ्यानं बघायचे. वाळूचे कण जखमेत जातात म्हणून ट्रेमध्ये पेपरच्या पट्ट्या, त्या फाडायचं काम मुलीकडे. बँडेजमधून मधली दोन बोटं बाहेर ठेवलेली, ती सकाळ-संध्याकाळ हात लावून बघायची, गार पडली किंवा एकमेकांपासून फाकली तर बँडेज आवळलंय, लगेच पळायचं. दुखण्याचं औषध मांजरांसाठीचंच, वजनावर, सिरिंजमध्ये थेंब मोजून.

आणि आमचे अण्णा, म्हणजे सासरे, एसटीत तीस वर्षं कंडक्टर. त्यांनी औषधाचा हिशोब कालनिर्णयवर ठेवला. २० तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात "स. ८ घेतले. रा. ८ थुंकले. रा. ८.१० पुन्हा घेतले." दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

बरं, मांज्याबद्दल. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली. दर जानेवारीत पोलीस पकडतात, बातमी येते, आणि दर जानेवारीत आमच्याच गच्चीवर चक्री फिरते. मी कोणाच्या पोरांना बोलले की "सण आहे, वर्षातून एकदा" असं ऐकून घेते. जाऊ दे, तो विषय काढला तर मला रात्र पुरायची नाही.

तर आज दुपारी हाफ डे टाकून मी वहिनींकडे गेले. भांडायच्याच तयारीत गेले होते. दार उघडलं तर वहिनींचे डोळे लाल, धाकटा शाळेत न जाता मिष्टीपाशी बसलेला, आणि ओट्यावर वाटी. दूध, त्यात पांढरी पूड तळाला बसलेली. मिष्टीनं तोंड लावलं नव्हतं. नखरेल आहे, नशीब. वहिनी म्हणाल्या, "मला काय माहीत हो, सगळेच म्हणत होते." आणि मला जे काही सुनवायचं होतं ते घशातच राहिलं. कारण ती वाटी मला ओळखीची होती. माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय, तर मला वेळेवर एक फोन आला.

मी वाटी सिंकमध्ये ओतली. काही न बोलता. मग डॉक्टर मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. मधमाशी असती तर काटा राहतो, तो कार्डाच्या कडेनं खरवडून काढायचा, गांधीलमाशी मागे काही ठेवत नाही. फडक्यात गुंडाळून बर्फ, थोडा थोडा वेळ. सूज एक-दोन दिवसांत उतरेल म्हणाल्या. पण तोंड सुजलं, उलट्या झाल्या किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर मिनिट घालवायचं नाही, तसंच उचलून आणायचं. वहिनींनी हे सगळं धाकट्याच्या वहीत लिहून घेतलं, गणिताच्या पानावर.

संध्याकाळी फोटो आला, सूज निम्मी. मिष्टी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलीय. बी विंगच्या काकांनी त्यालाही अंगठा दिलाय. आता मला राग येतोय की हसू ते ठरवता येत नाहीये. वाईट माणूस नाहीत ते, गणपतीत सगळी पळापळ तेच करतात. पण काका, वाचत असाल तर सकाळचा तो मेसेज डिलीट करा प्लीज. अजून कोणीतरी शोधून काढेल आणि देईल.

अजून एक सांगायचं होतं, त्यांच्या गॅलरीतलं गांधीलमाश्यांचं पोळं एसीच्या डब्यामागे आहे आणि तो डबा आमच्या गॅलरीच्या बरोब्बर खाली येतो, सोसायटीला तीनदा सांगून... थांबा. कारभारी कठड्यावर बसलाय आणि उजवा पंजा वर उचललाय. तोच पंजा. अरे ए, नाही हं...

येते.