पहिलीच्या मुलाचं ताट

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठी आणि साखरेसाठी पैसे देणं थांबवलं. हवं असेल तर शाळेने लोकसहभागातून सोय करावी, असं सांगितलं गेलं. आठवड्यातून एक अंडं, आणि जे खात नाहीत त्यांना केळं, हा निर्णय नोव्हेंबर २०२३ मधला होता. म्हणजे तो जेमतेम सव्वा वर्ष टिकला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १६ एप्रिलला, पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला आणि सारं राज्य पेटून उठलं. साहित्यिक, शिक्षक, पालक, राजकीय पक्ष सगळे बोलले. जूनमध्ये शब्द बदलून पाहिले गेले, लोकांना ते पटलं नाही, आणि २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय रद्द करावे लागले. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको, हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी परदेशातून जमेल तेवढं लिहिलं, सह्या केल्या. पण ज्या मुलाच्या दप्तरासाठी आपण एवढे भांडलो, त्याच मुलाच्या ताटातलं अंडं गेलं तेव्हा यातला किती आवाज उठला? काही कार्यकर्ते आणि थोडे पत्रकार बोलले, बाकी शांतता.

मी नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनला शिकते. हे शेती आणि अन्नाच्या अभ्यासासाठी ओळखलं जाणारं गाव. या सत्रात एका अभ्यासक्रमात आम्हांला चार गठ्ठे वाचायला दिले होते: शिक्षण, संस्कृती, अन्न आणि पर्यावरण. प्रत्येकावर आपापल्या देशाच्या संदर्भात प्रतिक्रिया लिहायची. चार वेगळे निबंध लिहायचे म्हणून बसले, पण प्रत्येक वेळी फिरून शाळेतल्या खिचडीपाशीच आले. आपल्याकडचे हे चारही वाद एकमेकांपासून तोडून घातले जातात, आणि ते जिथे प्रत्यक्षात एकत्र नांदतात त्या जागेकडे आपलं लक्ष नाही, असं माझं मत झालं आहे.

घरच्या चर्चांत ‘परदेशात बघा’ हे वाक्य हुकमी असतं. म्हणून आधी परदेशातलंच सांगते. इथल्या प्राथमिक शाळेत दुपारी गरम जेवण नसतं. मुलं घरून ब्रेडचे तुकडे आणतात आणि थोड्या वेळात खाऊन खेळायला पळतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं, कारण प्रत्येक घरात डबा भरायला पुरेसं आहे, हे गृहीत धरलेलं होतं. २०२२ मध्ये महागाई वाढली आणि ते गृहीतक कोसळलं. मुलं उपाशी वर्गात बसतात, असं शिक्षक सांगू लागले. मग २०२३ मध्ये सरकारने पैसा दिला आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं जिथे जास्त आहेत, त्या शाळांसाठी कार्यक्रम सुरू झाला. काही शाळांत खाणं दिलं जातं, काही ठिकाणी कुटुंबाला किराण्याचं कार्ड मिळतं.

यातलं काय बरं, यावर आमच्या वर्गात बराच वाद झाला. कार्डामुळे आईवडिलांचा मान राहतो, हा एक पक्ष. शाळेत दिलेलं अन्न मुलाच्याच पोटात जातं, हा दुसरा. ऐकताना मला जाणवत होतं की हा वाद आपल्याकडे होऊन गेला आहे, निकालासकट. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय आहाराची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलाला महिन्याकाठी तीन किलो कोरडं धान्य मिळायचं. ते घरी जायचं, घरच्या डब्यात पडायचं आणि सगळ्या घरात वाटलं जायचं. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिजवलेलं अन्न द्या, शाळेत द्या, वर्षातले किमान दोनशे दिवस द्या. तमिळनाडू त्याआधीपासूनच ते करत होता. २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या सुमारे अकरा कोटी ऐंशी लाख मुलांसाठी ही योजना मंजूर झाली. हा आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा मला तो पुन्हा सांगायला लावला गेला. नेदरलँड्सची सगळी लोकसंख्या दोन कोटीही नाही.

श्रीमंत देशांनाच असली चैन परवडते, असं म्हणणाऱ्यांनी फिनलंडचा इतिहास पाहावा. तिथे १९४८ पासून प्रत्येक शाळकरी मुलाला मोफत गरम जेवण मिळतं, आणि तेव्हा तो देश युद्धातून नुकता बाहेर पडलेला, कर्जाने वाकलेला होता.

संस्कृतीच्या गठ्ठ्यातले बहुतेक लेख ‘अन्न म्हणजे वारसा’ अशा सुरात होते. आजीच्या पाककृती, सणांची पक्वान्नं, ओळख. ते वाचताना मी अस्वस्थ झाले. आपल्याकडे अन्नाची संस्कृती म्हणजे पुरणपोळी आहे, तशीच ती वेगळी पंगत आहे, वरून ओतलेलं पाणी आहे, बाजूला ठेवलेला पेला आहे. म्हणून माझ्या प्रतिक्रियेत मी पाककृतींऐवजी साताऱ्याबद्दल लिहिलं. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी तिथे वसतिगृह काढलं आणि सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं, एकत्र जेवू घातलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अगदी मंगळसूत्रसुद्धा. महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार झाला तो भाकरीचा प्रश्न सोडवत झाला, आणि ती भाकरी एका पंगतीत वाढली गेली. ही आपली संस्कृती नाही तर दुसरी कोणती?

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये शालेय आहाराच्या स्वयंपाकी आणि मदतनिसांच्या नेमणुकीत दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं, त्यामागचा विचार हाच होता. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेलं अन्न सवर्ण मुलांनी नाकारलं होतं. म्हणजे ती पंगत अजून जिंकायची आहे. अंड्याचा वादही मला यातलाच वाटतो. काही धार्मिक गटांना अंडं नको होतं. त्यांच्या मुलांसाठी केळ्याची सोय होती, कुणावर सक्ती नव्हती. तरीही एकाच्या आहाराचा नियम सगळ्यांच्या ताटाला लावायचा आग्रह झाला. प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा सरकारचाच निकष आहे. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तमिळनाडूत मुलांना आठवड्यातले पाच दिवस अंडं मिळतं, आणि तिथली संस्कृती बुडालेली नाही.

शिक्षणावर थोडक्यात लिहिते, कारण त्यावर घरी पुष्कळ बोललं जातं. युरोपात मुलं मातृभाषेत शिकतात, हा दाखला खरा आहे. इथे प्राथमिक शाळा डच भाषेत चालते आणि इंग्रजी शेवटच्या दोन इयत्तांत सक्तीची होते. पण दाखला देणारे हे सांगत नाहीत की याच देशात मूल बाराव्या वर्षाच्या सुमारास वेगवेगळ्या दर्जाच्या शाखांत वाटलं जातं. त्यात घरच्या परिस्थितीचा हात किती, यावर इथेही भांडण आहे. परदेश हा वादातला पुरावा म्हणून वापरायचा तर तो अख्खा वापरावा.

पर्यावरणाच्या गठ्ठ्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. नेदरलँड्स हा शेतमालाच्या निर्यातीत जगात अगदी वरच्या क्रमांकावरचा देश. या निर्यातीसाठी एवढ्याशा जमिनीवर गाई आणि डुकरांची दाटी झाली, शेणमुताच्या अमोनियाने हवेत आणि मातीत नायट्रोजन साचला, आणि संरक्षित रानं आजारी पडली. मे २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची परवाना पद्धत बेकायदा ठरवली. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेऊन हेग गाठलं. काही दशकं ‘जास्त पिकवा’ सांगणारं सरकार एका रात्रीत ‘कमी करा’ म्हणू लागलं, ही त्यांची तक्रार मला खरी वाटते.

ही कहाणी वाचताना ऊस आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात लागवडीखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेलं हे पीक सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या घरातलं पाणी घेतं, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवलं आहे. ऊस लावणाऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. साखर कारखाना खात्रीने उचल करतो म्हणून तो ऊस लावतो. ज्वारीला, बाजरीला, नाचणीला तसा खात्रीचा गिऱ्हाईक कुठे आहे? २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, ते भारताच्याच पुढाकाराने. समारंभ झाले, बिस्किटं निघाली. शाळेतल्या आहाराचा पाया मात्र अन्न महामंडळाच्या गोदामातून येणारा तांदूळच राहिला.

ब्राझीलने २००९ मध्ये कायदा केला की शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान तीस टक्के वाटा छोट्या, कौटुंबिक शेतकऱ्यांकडून खरेदी करण्यावर खर्च व्हावा. वर्षभर, दर शाळेला, ठरावीक मागणी. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यापेक्षा मोठा आधार कुठल्या अनुदानातून मिळेल, मला सुचत नाही.

मुख्याध्यापकांची एक तक्रार मला अतिशय न्याय्य वाटते. नोंदवह्या, तांदळाचा हिशेब, रोजची माहिती भरणं, यात शिकवण्याचा वेळ जातो. धान्य खराब निघालं की जबाबदारीही त्यांच्यावरच येते. याला उपाय म्हणून आहार आखडता घेण्यापेक्षा माणसं नेमावीत. आणि ज्या बाया चुलीपाशी उभ्या असतात त्यांच्या कामाला मोल द्यावं: केंद्राने त्यांचं मानधन २००९ मध्ये महिना एक हजार रुपये ठरवलं. राज्यं आपल्या पदरची भर घालतात, तरी ते मजुरीच्या जवळपासही पोचत नाही.

माझ्या शेवटच्या निबंधावर प्राध्यापकांनी विचारलं की धान्य, दर आणि शाळा यांची सांगड घालणार कशी. मी मंगळवेढ्याचं उदाहरण दिलं. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथे पिकणाऱ्या मालदांडी या ज्वारीच्या वाणाला केंद्र सरकार वेगळा हमीभाव जाहीर करतं, २०२४-२५ साठी तो क्विंटलला ३,४२१ रुपये होता. त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, आणि त्या शाळांत आज तांदूळ शिजतो. भाव ठरलेला आहे, वाण ओळखलेलं आहे, जेवणारी मुलं पटावर आहेत. हवा आहे तो एक शासन निर्णय, आणि तो मागायला जून २०२५ मध्ये रस्त्यावर आलेली माणसं.