पाजा कॅल्शियम, करा पिल्लाचा घोडा

लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंत? वा! आता डॉक्टरांकडे अजिबात जाऊ नका. थेट दुकानात जा. दुकानदार पिल्लाचा पंजा दाबून म्हणेल, "साहेब, हाड बघा केवढं! कॅल्शियम लागणारच." घ्या बाटली. चिकनचा वास येणारी घ्या, पिल्लू चमचासुद्धा चाटतं.

खाण्याच्या पिशवीवर 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं छापलेलं असेल, तिकडे दुर्लक्ष करा. आत कॅल्शियम आणि फॉस्फरस एकमेकांच्या प्रमाणात मोजून घातलेले असतात. म्हणून काय झालं? आमटीत मीठ असलं तरी आपण पानात वाढून घेतोच.

'सी' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही द्या. कुत्र्याचं यकृत ते स्वतःच तयार करतं, पण त्यालाही कधी सुट्टी नको?

बरगड्या हाताला लागता कामा नयेत. लोक काय म्हणतील? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाला. २५ टक्के कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. कंजूष लोक.

सल्ला मात्र चौथ्या मजल्यावरच्या काकांचाच घ्या. त्यांच्याकडे १२ वर्षं पामेरियन होता, म्हणजे ते तज्ज्ञच. आमच्या बंड्याला पाहून म्हणाले, "पाय बारीक आहेत हो, दोन चमचे वाढवा." वाढवले. साडेचार महिन्यांचा बंड्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबला आणि पुढचा डावा पाय उचलून माझ्याकडे बघत राहिला. काका म्हणाले, "लचकला असेल. तीन चमचे द्या." दिले! आठवडाभर दिले! मग एक्स-रे. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, मागची बाजू वाचली आणि विचारलं, "ही कुणी सांगितली?" सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येत नाही. ओताल तेवढं बरंच आत जातं, आणि कूर्चेचं हाड व्हायचं काम बिघडतं. मजबूत हाडं म्हणे!

अहो, घरी नुसता चिकन-भात घालत असाल तर कॅल्शियम खरंच कमी पडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. पण ते किती द्यायचं हे वजन आणि आहार बघून डॉक्टर ठरवतील, बाटलीचं झाकण नाही! 'ड' जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडं जातात, लघवीवाटे निघून जात नाही ते. आणि तयार खाणं चांगलं असेल तर वरून काहीही घालू नका. काहीही म्हणजे काहीही! तुम्हाला हौस, त्याला लंगडणं.

चमचा कुणी पाजला, असं विचाराल. मीच पाजला.

उरलेली अर्धी बाटली बेसिनमध्ये ओतली. झाकणाचा आवाज ऐकून बंड्या लंगडत धावत आला.