लष्करी अळीवर पाल्याचा काढा चालत नाही

मक्याचे पोंगे, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळ्या, कुरतडलेले दिसायला लागले की गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: 'कडुनिंबाचा पाला उकळा, गाळा, फवारा. लष्करी अळी दोन दिवसांत साफ, मग ती कितीही मोठी असो. झाडपाल्याचं औषध, अपाय शून्य.' मी स्वतः दर हंगामात निंबोळी अर्क फवारतो आणि म्हणूनच या मेसेजचा मला राग येतो. असा काढा फवारून ज्याचा मका गेला, तो पुन्हा निंबोळीचं नाव काढत नाही.

आधी पाल्याचं बघू. किडीला रोखणारं मुख्य द्रव्य म्हणजे अझाडिरॅक्टिन. ते भरपूर असतं निंबोळीच्या बियांच्या गरात, पाल्यात फारच थोडं. शिवाय उष्णतेनं ते नासतं. म्हणजे पाल्यात जे काही होतं तेही आपण चुलीवर घालवून बसतो. अर्क साध्या पाण्यातच करायचा. सावलीत वाळवलेल्या, बुरशी न लागलेल्या निंबोळ्या कुटून पाच किलो भरड घ्यायची आणि रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजत घालायची. सकाळी ढवळून फडक्यातून पिळून घ्यायची. पांढरट, दुधासारखं पाणी निघतं, त्याला असा उग्र कडू वास येतो की हाताचा दिवसभर जात नाही. त्यात २०० ग्रॅम साबणाचं पाणी मिसळून एकूण १०० लिटर करायचं. हा झाला पाच टक्के अर्क. तो त्याच दिवशी वापरायचा, पण ऊन उतरल्यावर, कारण उन्हातही अझाडिरॅक्टिन टिकत नाही.

'दोन दिवसांत साफ' हे तर सगळ्यात घातक. निंबोळी अर्क अळीला पटकन मारत नाही. ती खाणं कमी करते, तिची वाढ खुंटते, कात नीट टाकता येत नाही आणि मग ती मरते. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसलं की टोळ कडुनिंबावर बसतात, पण पाला न खाताच उडून जातात. निंबोळीचं बळ ते हेच. तिसऱ्या दिवशी पोंग्यात जिवंत अळी दिसली म्हणून औषध फेल गेलं असं नाही. पानाला नवं भोक पडतंय का, ते बघा.

'कितीही मोठी असो' म्हणणाऱ्यानं एकदा पोंगा उकलून बघावा. मोठी अळी आत खोल बसलेली असते आणि वर तिच्या विष्ठेचा ओल्या भुशासारखा बुच असतो. फवारा तिथे पोचतच नाही. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके इतके ठळक दिसायला लागले, की निंबोळीची वेळ टळलेली असते. अर्काचा उपयोग अंडी आणि बारीक अळ्या असतानाच. शंभरात पाचेक झाडांवर पानं खरवडल्यासारखी पांढरी दिसली की लगेच फवारायचं. प्रादुर्भाव वाढून शंभरात दहा-वीस झाडांवर गेला, तर कृषी विद्यापीठानं शिफारस केलेलं रासायनिक औषध घ्यावं लागतं, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. ही अळी २०१८ मध्ये आधी कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी आपल्याकडे आली. तिच्यापुढे हट्ट परवडत नाही.

राहिला 'अपाय शून्य'. निंबोळी त्यातल्या त्यात सौम्य, हे मान्य. पण हाच मेसेज पुढे सरकताना लोक त्यात तंबाखू, धोतरा, कण्हेरही घालतात. तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही अंगात जातं आणि कण्हेर खाऊन जनावरं दगावतात. असा काढा उघड्या हातानं ढवळू नका. त्याची बादली गोठ्याजवळ ठेवू नका, आणि फवारलेला मका लगेच वैरणीला कापू नका.